आर्थर राजाचं सोंग

आजचा भाग वेशभूषेबद्दल आहे. शाळेच्या गॅदरिंगमधली नाही हं. चांगले मोठे झालेले, हाताखाली सैन्य असलेले, खरोखरची तलवार चालवणारे लोक एका वेशभूषेच्या मागे तीनशे वर्षं लागले होते, त्याची ही गोष्ट आहे. सुरुवातीला हसू येईल. मध्यावर आलात की येणार नाही.

तर साल १२४०. जागा, आजचं ऑस्ट्रिया. एक सरदार घोड्यावर बसून गावोगाव फिरतोय. तो म्हणतोय, मी आर्थर राजा. स्वर्गातून परत आलोय. माझं ते प्रसिद्ध राउंड टेबल, म्हणजे गोल मेजाभोवती बसणारं शूरांचं मंडळ, मला पुन्हा उभं करायचंय. ज्याला त्यात यायचंय त्यानं घोड्यावर बसून भाला घ्यावा आणि माझ्यावर चालून यावं. तीन भाले माझ्यावर मोडले आणि एकही फेरी वाया गेली नाही, की झालात तुम्ही मंडळाचे सभासद. वर आर्थरच्या दरबारातल्या एखाद्या वीराचं नावही मिळणार!

या माणसाचं नाव उलरिश फॉन लिश्टेनस्टाइन. तुम्हाला वाटेल, डोक्यावर परिणाम झाला असेल. अजिबात नाही. हा श्टायरिया प्रांतातला बडा असामी. पुढे मोठमोठ्या सरकारी पदांवर बसला, न्यायनिवाडे केले. आणि हे त्याचं पहिलं सोंगही नव्हतं. त्याच्याच सांगण्यानुसार १२२७ मध्ये तो बायकी पोशाख घालून, व्हीनस देवी बनून, व्हेनिसजवळून निघून थेट बोहेमियापर्यंत लढत गेला होता आणि एका महिन्यात त्यानं ३०७ भाले मोडले होते. आकडा लक्षात घ्या, तीनशेच्या वर सात. हिशेबाला पक्का माणूस!

आता, हे आपल्याला कळतं ते त्यानं स्वतः लिहिलेल्या काव्यातून. म्हणजे खेळाडूही तोच आणि पंचही तोच. त्यामुळे यातलं किती घडलं आणि किती त्यानं रंगवलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. वाचणाऱ्यांना हा प्रकार समजत होता. कोणी विचारलं नाही, की बाबा रे, आर्थर कशाला?

आपल्याकडे या प्रकाराला एकदम नेमका शब्द आहे. सोंग. बहुरूपी दारात येतो, पोलिसाचा वेश करून दम देतो, आपण हसतो, पैसे देतो, तो जातो. सोंग संपलं. पण समजा बहुरूपी गेलाच नाही तर? दम खराच निघाला तर? आजचा सगळा भाग या प्रश्नावर आहे.

आधी हा आर्थर कोण ते बघू. थोडक्यात.

रोमन लोक ब्रिटन सोडून गेले पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. मग समुद्रापलीकडून सॅक्सन वगैरे टोळ्या येऊ लागल्या. मूळचे ब्रिटन लोक त्यांच्याशी लढले आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकले. या लढायांत म्हणे आर्थर नावाचा एक पुढारी होता. 'म्हणे' म्हणतोय, कारण त्याच्या काळातला एकही कागद त्याचं नाव घेत नाही. नवव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात त्याच्या बारा लढायांची यादी येते, पण तिथे तो राजासुद्धा नाही, लढायांचा सेनापती आहे. त्याला मुकुट, दरबार आणि भलंमोठं साम्राज्य मिळालं ते ११३८ च्या आसपास, मॉनमथच्या जेफ्री नावाच्या लेखकाच्या लेखणीतून. गोल मेज तर त्याच्याही नंतर, ११५५ मध्ये, वास नावाच्या कवीनं आणलं. कथा अशा वाढत गेल्या आणि युरोपभर तुफान चालल्या.

यातली एक गोष्ट खिशात ठेवा, पुढे लागणार आहे. आर्थर ज्यांच्याकडून लढला त्या ब्रिटन लोकांचे वारस म्हणजे वेल्सचे लोक. आणि ज्यांच्याविरुद्ध लढला ते सॅक्सन म्हणजे इंग्रजांचे पूर्वज. हो, बरोबर ऐकलंत. आज आपण ज्याला इंग्लंडचा राजा आर्थर म्हणतो, तो मूळ कथेत इंग्रजांना झोडपणारा राजा आहे! वेल्समध्ये लोक मानायचे की तो मेलेला नाही, एक दिवस परत येणार आणि आपलं राज्य आपल्याला परत मिळवून देणार.

आता सोंगांकडे वळू. आर्थरच्या दरबाराचं सोंग आणल्याची सर्वांत जुनी नोंद कुठली असेल? इंग्लंडची नाही, फ्रान्सची नाही, सायप्रस बेटाची. १२२३ मध्ये बैरूतचा सरदार जाँ दिब्लाँ यानं आपल्या मुलांना नाइट केलं, म्हणजे समारंभानं वीराचा दर्जा दिला, आणि त्या सोहळ्यात लोकांनी ब्रिटनच्या आणि गोल मेजाच्या कथांची नक्कल केली. १२७८ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये एक सोहळा झाला, त्यात एक बाई राणी ग्विनेव्हिअर बनली आणि आर्त्वाचा काउंट रॉबेर हा सिंहवाला वीर इव्हेन बनला. तोपर्यंत 'राउंड टेबल' हे एका प्रकारच्या कार्यक्रमाचंच नाव झालं होतं. भाल्यांचे सामने, मग जेवणं, मग नाच, आणि सगळ्यावर आर्थरच्या कथेचा मुलामा.

मजाच की! पण १२३२ मध्येच इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री असं एक राउंड टेबल भरवायला बंदी घालतो. का? विचार करा. शेकडो सरदार, सगळे सशस्त्र, एका जागी जमलेत. खेळायला आलेत की राजाला खाली खेचायचं ठरवायला आलेत, हे बाहेरून सांगता येत नाही. शिवाय त्या मेजावर बसलेला कोणीतरी स्वतःला आर्थर म्हणवतोय. खऱ्या राजानं काय समजायचं?

या हेन्रीचा मुलगा पहिला एडवर्ड. १२७२ मध्ये गादीवर आला. त्यानं वडिलांसारखी बंदी घालत बसण्यापेक्षा जालीम उपाय शोधला. सोंगच आपल्या ताब्यात घ्यायचं.

त्याच्यासमोर अडचण होती वेल्स. तिथला राजपुत्र लुएलिन एडवर्डपुढे मान झुकवायला तयार नव्हता. १२७७ मध्ये एडवर्डनं सैन्य घेऊन त्याला नमवलं. आणि लगेच पुढच्या वर्षी, १२७८ च्या ईस्टरला, एडवर्ड आणि राणी एलेनॉर पोचले ग्लॅस्टनबरीच्या मठात.

या मठात काय होतं? आर्थरची कबर! ११८४ मध्ये हा मठ आगीत जळाला होता, बांधकामाला पैसा हवा होता, आणि ११९१ च्या सुमारास तिथल्या साधूंना जमिनीत अगदी सोयीस्करपणे आर्थर आणि ग्विनेव्हिअर यांची हाडं सापडली. सोबत नाव कोरलेला शिशाचा क्रूससुद्धा. आजचे अभ्यासक याकडे बनाव म्हणूनच बघतात. पण एडवर्डनं ती कबर उघडायला लावली. हाडं बाहेर काढली. आर्थरची हाडं एडवर्डनं स्वतः उंची कापडात गुंडाळली, ग्विनेव्हिअरची राणीनं. मग मोठ्या सन्मानानं ती पुन्हा ठेवली.

वरवर बघितलं तर केवढा आदर! पण आता खिशातली गोष्ट बाहेर काढा. वेल्सचे लोक काय म्हणत होते? आर्थर जिवंत आहे, परत येणार आहे. आणि एडवर्ड सगळ्या जगासमोर काय दाखवतोय? ही बघा हाडं. मेलाय तो. कोणी येणार नाहीये. आणि त्याचे अंत्यविधी करणारा, म्हणजे वारस, मी आहे. आपल्याकडे मयताला खांदा कोण देतो आणि पाणी कोण पाजतो यावरून भाऊबंदकी पेटते. हाडांना हात लावण्याचा हक्क कोणाचा, हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

१२८२ मध्ये वेल्स पुन्हा पेटलं. डिसेंबरमध्ये लुएलिन मारला गेला. त्याचं डोकं कापून लंडनला पाठवलं. वेल्समध्ये एक जुनं भाकीत होतं, की आपला माणूस लंडनमध्ये मुकुट घालून मिरवेल. म्हणून लुएलिनच्या त्या कापलेल्या डोक्यावर आयव्हीच्या वेलीचा मुकुट चढवला, भाल्यावर खोचलं, आणि मिरवून टॉवर ऑफ लंडनवर लावलं. घ्या, झालं भाकीत खरं!

मी म्हटलं होतं ना, मध्यावर हसू येणार नाही. हेही सोंगच आहे. फरक एवढाच, की ते घालणाऱ्यानं निवडलेलं नाही. मेलेल्या माणसाला त्याच्याच लोकांच्या स्वप्नाचा वेश घालून त्याची टिंगल केली.

मग वेल्समधून एक मुकुट एडवर्डच्या हाती आला. आर्थरचा मुकुट म्हणून तो तिथे जपला होता. तो गेला लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबीत. आणि १२८४ च्या जुलैमध्ये एडवर्डनं विजयाचा उत्सव केला तो कुठे? वेल्सच्या वायव्य टोकाला, नेविन नावाच्या लहानशा गावी. आणि कसला उत्सव? राउंड टेबल! ज्यांचा राजा पळवला त्यांच्याच अंगणात, त्या राजाच्या नावानं, भाल्यांचे खेळ आणि जेवणावळी.

एडवर्डच्या दरबारातल्या अशाच एका सोहळ्याचं वर्णन लोडेवाइक फॉन फेल्थेम नावाच्या लेखकानं पुढे चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय. त्याच्या लिखाणात तारखांचे घोळ आहेत, त्यामुळे शब्दन् शब्द खरा मानू नका. पण चित्र भारी आहे. सरदार लॅन्सलॉट, गॅवेन, पर्सिव्हल बनलेत. जेवण चाललंय. दोन पंगतींच्या मध्ये एक जण रक्तानं माखलेला आत येतो आणि ओरडतो, वेल्सच्या लोकांनी माझी ही दशा केली, सूड घ्या, नाहीतर तुम्ही भित्रे! राजा सूड घ्यायचं वचन देतो. नंतर एक कुरूप बाई लंगड्या घोड्यावर येते, तिचं नाक वीतभराहून लांब, कान गाढवाचे, आणि तीही वीरांना मोहिमेवर धाडते. ती बाई म्हणजे सोंग घेतलेला एक तरुण सेवकच होता. आता गंमत बघा. नाक खोटं, कान खोटे, बहुधा रक्तही खोटं. पण वेल्सवरची मोहीम? ती खरी.

बहुरूपी दारातून हलायला तयार नाही, म्हणतात ते हे.

पुढे १३०१ मध्ये स्कॉटलंडवरचा हक्क सांगताना एडवर्डनं पोपला जे पत्र पाठवलं, त्यात पुरावा म्हणून काय दिलं? आर्थर राजा! स्कॉटलंडचा राजा आर्थरचा मांडलिक होता, सबब स्कॉटलंड माझं. जेफ्रीनं रचलेली कथा आता सरकारी कागद झाली होती.

म्हणजे सोंग ज्यानं घेतलं त्याचं भलंच झालं का? थांबा. रॉजर मॉर्टिमर येतोय.

१३२७ मध्ये मॉर्टिमर आणि राणी इझाबेला यांनी मिळून राणीच्याच नवऱ्याला, दुसऱ्या एडवर्डला, गादीवरून उतरवलं. गादीवर बसवला चौदा वर्षांचा मुलगा, तिसरा एडवर्ड. कारभार मात्र मॉर्टिमरचा. त्याच्या अंगात वेल्सच्या राजघराण्याचं रक्त होतं, एका पूर्वज स्त्रीकडून आलेलं. झालं! त्यानं आर्थरच्या धर्तीवर राउंड टेबल भरवलं. थाटमाट असा, की खुद्द त्याचा मुलगा जेफ्री त्याला 'मूर्खांचा राजा' म्हणाला, अशी नोंद तेव्हाच्या बखरीत आहे. लोकांना दिसत होतं ना, की खरा राजा शेजारी उभा आहे आणि कारभारी राजाचं सोंग आणतोय. १३३० च्या ऑक्टोबरमध्ये खरा राजा, वय वर्षं सतरा, त्याची माणसं रात्री भुयारातून नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात शिरली आणि मॉर्टिमरला धरलं. नोव्हेंबरमध्ये त्याला लंडनजवळ टायबर्नला फाशी दिलं.

यातून तो पोरगा, म्हणजे तिसरा एडवर्ड, काय शिकला? मला वाटतं, बरंच. १३३४ मध्ये डन्स्टेबलच्या सामन्यात तो वेश घालून उतरला, पण आर्थर म्हणून नाही, 'लायनेल' म्हणून. लायनेल म्हणजे गोल मेजावरचा एक साधा वीर, लॅन्सलॉटचा चुलतभाऊ. राजा असून त्यानं राजाचं सोंग घेतलं नाही, शिपायाचं घेतलं. चार वर्षांनी मुलगा झाला, त्याचं नावही लायनेल ठेवलं.

मोह मात्र सुटला नव्हता. १३४४ च्या जानेवारीत विंडसरला त्यानं जाहीर केलं, की आर्थरसारखंच राउंड टेबल मी उभारणार, तीनशे वीरांचं. त्यासाठी किल्ल्यात दोनशे फूट व्यासाची गोल इमारत बांधायला घेतली. २००६ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी तिथे उत्खनन झालं, तेव्हा त्या इमारतीच्या पायाच्या खुणा सापडल्या. पण इमारत त्याच वर्षी बंद पडली. फ्रान्सशी लढाई चालू होती, आणि आपली म्हण आहेच, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. शेवटी १३४८ च्या सुमारास त्यानं छोटं मंडळ काढलं, ऑर्डर ऑफ द गार्टर. राजा धरून सव्वीस जण, आणि आश्रयदाता संत जॉर्ज. ते मंडळ आजही चालू आहे.

आता शेवटचा मुक्काम, विंचेस्टर. इंग्लंडला कोणी गेलात तर बघून या. तिथल्या जुन्या राजमहालाच्या दालनात भिंतीवर एक गोल मेज टांगलंय. ओकच्या लाकडाचं, साडेपाच मीटर व्यासाचं, बाराशे किलोच्या आसपास वजनाचं. शेकडो वर्षं लोक म्हणायचे, हेच ते आर्थरचं मेज. १९७६ मध्ये ते खाली उतरवून तपासलं. लाकूड निघालं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. म्हणजे बहुतेक आपल्या पहिल्या एडवर्डच्याच राउंड टेबलसाठी केलेलं! नाटक संपलं, नाटकातलं फर्निचर राहिलं, आणि लोकांनी त्याची पूजा मांडली.

त्यावरची रंगरंगोटी मात्र नंतरची. १४८५ मध्ये ट्यूडर घराण्याचा सातवा हेन्री गादीवर आला. जन्म वेल्समधला, निशाणावर वेल्सचा लाल ड्रॅगन. पहिल्या मुलाचा जन्म १४८६ मध्ये मुद्दाम विंचेस्टरला होऊ दिला आणि नाव ठेवलं, अर्थातच, आर्थर. आता तर सोंगाचीही गरज नाही, खराच आर्थर गादीवर येणार! पण राजपुत्र आर्थर १५०२ मध्ये पंधराव्या वर्षी वारला. गादी गेली धाकट्या भावाकडे, आठव्या हेन्रीकडे. त्यानं ते मेज रंगवून घेतलं. मधोमध ट्यूडर घराण्याचा गुलाब, भोवती चोवीस वीरांची नावं, आणि वर सिंहासनावर बसलेला दाढीवाला आर्थर. १५२२ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स आला, तेव्हा त्याला हे मेज कौतुकानं दाखवलं. अनेकांचं म्हणणं आहे, की तो दाढीवाला चेहरा म्हणजे तरुण हेन्रीच.

किती पुढे आलो बघा. उलरिशनं आर्थरचे कपडे घातले होते, संध्याकाळी काढून ठेवले असतील. हेन्रीनं कपडे घालायची तसदीच घेतली नाही. त्यानं आर्थरलाच आपला चेहरा घातला.

मला या सगळ्या गोष्टीत सारखी एक रिकामी खुर्ची दिसते. सायप्रसचे सरदार खेळले, फ्रान्सचे खेळले, ऑस्ट्रियाचा खेळला, इंग्लंडचे राजे तर पिढ्यान् पिढ्या खेळले. आणि ज्यांच्या अंगणातून ही गोष्ट निघाली, ज्यांना तो राजा खरोखर परत यायला हवा होता, त्या वेल्सच्या लोकांच्या वाट्याला काय आलं? एक उघडलेली कबर, एक नेलेला मुकुट आणि भाल्यावरचं एक डोकं.

महान राजाचं सोंग कोणालाही घेता येतं, कारण महान राजा येऊन 'हे माझं नाव काढून ठेव' असं म्हणू शकत नाही. तेवढं काम मग बघणाऱ्यांवर येतं. म्हणजे आपल्यावर. मॉर्टिमरच्या पोरानं ते केलं, तेही स्वतःच्या बापाच्या बाबतीत. मला आजच्या गोष्टीतला सगळ्यात धीट माणूस तोच वाटतो, आणि त्यानं कसलाही वेश घातला नव्हता.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मते यातलं सगळ्यात भारी सोंग कोणतं आणि सगळ्यात वाईट कोणतं, जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि रस्ता ओलांडताना तेवढे हेडफोन काढा!